उन्हाच्या देशांतील अंगदुखी

खानदेशांत उन्हाची टंचाई आहे, असें कोणी म्हटलें तर धुळ्याचा मनुष्य हंसेल. वैशाखांत पारा ४४–४५ अंशांपर्यंत चढतो, पांझरेचें पात्र आटतें आणि भर दुपारीं आग्रा रोडवर चिटपांखरूंही दिसत नाहीं. ऊन ही येथें चुकविण्याची वस्तु आहे, मिळविण्याची नव्हे. अशा मुलुखांत उन्हाच्या अभावानें माणसाचीं हाडें मऊ पडावीं, कंबर व मांड्या ठणकाव्यात, आणि खालीं बसलेल्या स्त्रीला भुईवर हात टेकल्याखेरीज उठतां येऊं नये, हें ऐकावयास विपरीत वाटतें. परंतु अशीच विपरीत गोष्ट धुळ्यापासून सुमारें दीडशें किलोमीटरांवर, नाशिकास, शंभर वर्षांपूर्वीं नोंदली गेली. नाशिक खानदेशाला परकें नव्हे. १८६९ सालीं तो जिल्हा निराळा होईपर्यंत त्यांतील मालेगांवाकडील मुलूख खानदेशांतच मोडत होता. या नाशिकच्या नोंदीचा एका जगव्यापी वादाशीं निकटचा संबंध आहे.

तो वाद होता मुडदुसाविषयीं. मुडदुसानें मुलांचे पाय धनुष्यासारखे वांकतात, मनगटें जाड होतात, छातीच्या फासळ्यांवर गांठी दिसतात. फ्रॅन्सिस ग्लिसन या इंग्रज वैद्यानें १६५० सालीं या रोगावर ग्रंथच लिहिला. हाच दोष वाढ पुरी झालेल्या माणसांत उद्भवला म्हणजे त्यास अस्थिमार्दव म्हणतात. त्यांत हाडें वांकलेलीं लगेच दिसत नाहींत. आधीं दुखतें तें अंग. कंबर, फासळ्या, नडग्या दाबल्या तरी वेदना होते; मांड्यांतील बळ जातें; चाल बदकासारखी डोलती होते. रोग वाढला म्हणजे स्त्रियांची कटि आकुंचित होते आणि बाळंतपण जिवावर बेततें.

या रोगाचें कारण काय, याविषयीं विद्वानांचे दोन पक्ष पडले होते. पोलंडमधील श्न्यादेत्स्की यानें १८२२ सालींच सुचविलें होतें, कीं शहरांतील मुलांना सूर्य मिळत नाहीं म्हणून तीं या रोगाला बळी पडतात. जपानांत मिशनरी डॉक्टर म्हणून राहिलेल्या थिओबाल्ड पाम यानें देशोदेशींच्या मिशनऱ्यांकडून पत्रांनीं माहिती मिळविली आणि १८९० सालीं तोच निष्कर्ष पुन्हां मांडला. उलटपक्षीं, लंडनच्या एडवर्ड मेलॅन्बी यानें १९१९ च्या सुमारास कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखविलें, कीं विशिष्ट आहारानें मुडदूस जडतो व कॉड माशाच्या यकृताचें तेल दिल्यानें तो हटतो. त्याच वर्षीं बर्लिनच्या हुल्डशिन्स्की यानें केवळ कृत्रिम जंबुपार किरणांनीं मुडदुसाचीं मुलें बरीं केलीं! एकास अन्नानें गुण, दुसऱ्यास प्रकाशानें. मग खरें कारण कोणतें?

हा प्रश्न असा अधांतरीं लोंबत असतांना हचिसन व शाह या दोघांनीं नाशिक येथें केलेल्या पाहणीचा लेख १९२२ सालीं इंग्लंडांतील एका वैद्यकीय त्रैमासिकांत प्रसिद्ध झाला. त्यांना आढळलें तें असें. ज्यांच्या पोटांत जेमतेम धान्यच पडत होतें, दूधतूप ज्यांना दुर्मिळ होतें, अशा गोरगरीब हिंदु कष्टकऱ्यांच्या मुलांत मुडदूस नव्हता. तीं मुलें आईबरोबर उघड्यावर वाढत होतीं. उलट, ज्या सुखवस्तु घरांत अन्नाची ददात नव्हती, परंतु स्त्रिया गोषांत राहत आणि तान्हीं मुलें त्यांच्याबरोबर अंधाऱ्या खोल्यांत असत, तेथें मुडदूस व अस्थिमार्दव दोन्ही नांदत होते. दारिद्र्यानें येणाऱ्या रोगांची यादी लांब आहे. पण हा रोग नाशिकांत जणूं प्रतिष्ठेच्या दाराआड लपून बसला होता.

सुखवस्तु घरांतील दूध या रोगाला अडवूं कां शकलें नाहीं, याचें उत्तर पुढें मिळालें. न्यूयॉर्कच्या हेस यानें १९२१ सालीं केवळ सूर्यप्रकाशानें मुलें बरीं करून दाखविलीं होतीं. मॅक्कॉलम यानें १९२२ सालीं यकृततेलांतील गुणकारी द्रव्य वेगळें ओळखलें. तेंच ड जीवनसत्त्व. १९२४ सालीं स्टीनबॉक व हेस यांनीं स्वतंत्रपणें सिद्ध केलें, कीं जंबुपार किरण पाडलेल्या खाद्यपदार्थांतही तोच गुण उतरतो. वादाचे दोन्ही पक्ष खरे ठरले! कातडींत असलेल्या एका स्निग्ध द्रव्यावर सूर्याचे विशिष्ट किरण पडले कीं तेथेंच हें जीवनसत्त्व तयार होतें. पुढें यकृत व मूत्रपिंड त्यास कार्यक्षम रूप देतात, आणि मग आंतडें अन्नांतील चुना नीट शोषून घेतें. दुधांत चुना भरपूर असतो, पण निसर्गतः त्यांत ड जीवनसत्त्व अत्यल्प. चुन्याची गाडी दाराशीं उभी, आणि आंत घेणारा मजूरच नाहीं, अशी त्या घरांतील अवस्था होती.

हें केवळ नाशिकचें वैगुण्य नव्हतें. काश्मिरांत डॉ. कॅथलीन वॉन यांना हाच भेद दिसला. पडद्यांतील स्त्रिया अस्थिमार्दवानें पांगळ्या होत, तर झेलमच्या नावांतून उघड्यावर राबणाऱ्या नावाडणी त्यापासून मुक्त असत. दिल्लींत डॉ. ग्रेस स्टेपल्टन यांनीं अशाच नोंदी केल्या. दोष धर्माचा किंवा जातीचा नव्हता, भिंतींचा होता. कारखान्यांच्या धुरानें आकाश झांकलेल्या ग्लासगो शहरांतील ख्रिस्ती मुलेंही त्याच रोगानें वांकत होतीं.

मराठी घराकडे या दृष्टीनें पाहिलें म्हणजे पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. जुन्या वाड्यांतील माजघर, कोंदट स्वयंपाकघर, वारा लागूं नये म्हणून बंद ठेवलेली बाळंतिणीची खोली, आणि त्यांत पहांटेपासून रात्रीपर्यंत राबणारी सून. लागोपाठच्या बाळंतपणांनीं व अंगावर पाजण्यानें तिच्या शरीरांतील चुना झिजे. भाकरी अंगांत बळ देते. परंतु धान्याच्या कोंड्यांतील एक द्रव्य चुन्याला बांधून ठेवतें, हेंही खरें. तिनें मांड्या भरून येतात म्हटलें, कीं कोणी वात म्हणे, कोणी बाळंतव्याधि, आणि कोणी कामचुकारपणा. सूज नाहीं, ताप नाहीं, जखम नाहीं. मग दुखणें खरें कशावरून? किती जणींनीं तें मुकाट्यानें सोसलें असेल, याची नोंद कोठेंही नाहीं.

हा इतिहास संपला असें मात्र नाहीं. १९६२ सालीं ग्लासगोंत स्थायिक झालेल्या पाकिस्तानी कुटुंबांत मुडदूस व अस्थिमार्दव पुन्हां आढळले. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या दिल्लीच्या एका पाहणींत दूषित हवेच्या मोरी गेट भागांतील बालकांत ड जीवनसत्त्व कमी भरलें. अमेरिकेंत मिनेसोटा येथील, २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत, कारण न सांपडलेल्या हाडांच्या व स्नायूंच्या जुनाट दुखण्याचे १५० रुग्ण तपासले, तेव्हां त्यांतील ९३ टक्के लोकांत हें जीवनसत्त्व अपुरें निघालें. त्या पाहणींत निरोगी माणसांशीं तुलना नव्हती. म्हणून दुखण्याचें कारण तेंच, असें त्यावरून सिद्ध होत नाहीं. ज्यांच्या शरीरांत तें पुरेसें आहे, त्यांची अंगदुखी गोळ्यांनीं थांबते, असेंही पुढील चांचण्यांत दिसलेलें नाहीं. खऱ्या अस्थिमार्दवाच्या रोग्याला मात्र महिन्या-दोन महिन्यांतच उतार पडूं लागतो, आणि जिना चढतांना रडणारी स्त्री पुन्हां चालूं लागते.

म्हणून विवेक दोन्ही बाजूंनीं हवा. प्रत्येक कंबरदुखी उन्हाच्या अभावाची नव्हे. हें जीवनसत्त्व शरीरांत सांठून राहतें. मनास येईल तितकें घेतल्यास रक्तांत चुना वाढून मूत्रपिंडांस अपाय होतो. तेव्हां रक्त तपासून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच तें घ्यावें. तान्ह्या बाळाला तेल चोळून कोवळ्या उन्हांत धरण्याची आजीची रीत प्रेमाची आहे. परंतु अगदीं सकाळच्या तिरप्या उन्हांत ते किरण फार थोडे असतात. सूर्य वर आल्यावरच ते पुरेसे पोहोंचतात, आणि कांचेच्या बंद खिडकींतून ते जवळजवळ येतच नाहींत. सांवळ्या कातडीस वेळही अधिक लागतो. खानदेशच्या उन्हाळ्यांत भर दुपारीं कोणी उन्हांत उभें राहावें, असा याचा अर्थ नाहीं. हिंवाळ्यांत हात-पाय थोडा वेळ उघडे राहतील अशी सवय मात्र निरुपद्रवी आहे.

नाशिकच्या त्या पाहणीनें दाखवून दिलें, कीं अंगणांत भरपूर असलेली वस्तु घरांत दुर्मिळ असूं शकते. आज वाड्यांच्या जागीं सदनिका आल्या, माजघराच्या जागीं कचेरी आली. अशा घरांतील कोणी अंग दुखतें म्हणालें, तर त्यास कामचुकार म्हणण्यापूर्वीं, त्याच्या दिवसांत ऊन कितीसें येतें, एवढें तरी विचारावें.