पानशेत, १९६१: पोत्यांनी राखलेली रात्र

आमच्या बीडकडे तलावाच्या सांडव्याखालच्या चारीत काथ्याची जाळी अंथरायची म्हटली, की पहिला प्रश्न येतो : किती वर्षं टिकेल? जाळी खरं तर वेळ देते. तो वेळ कशाला लागतो, हे पानशेत धरण फुटण्याआधीच्या तासांवरून कळतं.

१० जुलै १९६१. पुण्याच्या वरच्या बाजूला आंबी नदीवरचं हे मातीचं धरण अजून अपुरं आहे. काम १९६२ मध्ये संपायचं होतं, पण पाणी याच पावसाळ्यात अडवलं गेलं. पाणी सोडण्याच्या विमोचकाच्या दरवाजांची यंत्रणा पुरती बसलेली नाही. बांधाच्या पोटातली मोरी लोखंडाविना, नुसत्या काँक्रीटची. पाऊस थांबत नाही.

११ जुलै. मोरीच्या वरचा बांध खचतो. माथा खाली, पाणी वर. मातीचं धरण पाण्याच्या रेट्यानं सहसा कोसळत नाही. माथ्यावरून एकदा धार सुरू झाली, की उतारावर आधी बोटभर ओघळ पडतो, मग घळ होते आणि ती घळ मागे मागे खात माथ्यापर्यंत पोचते.

रात्र. लष्कराचे जवान भर पावसात वाळूची पोती रचतात. आतली मोरी पोत्यांनी दुरुस्त होणार नव्हती. पण धरण अंधारात फुटलं नाही, आणि त्या रात्रीचं मोल पुण्यानं कधीच विसरू नये.

१२ जुलै, सकाळी साडेसातच्या सुमारास. पानशेत फुटतं.

दुपार. खाली १८७९ सालचं दगडी खडकवासला धरणही फुटतं. तोवर पुण्यातल्या मुठेकाठच्या पेठांत पाणी शिरलेलं असतं. माणसं जागी आहेत, उजेड आहे, पळता येतं. तरीही शेकडो जीव जातात, हजारो घरं बसतात. खडकवासला रिकामं झाल्यामुळे पूर ओसरल्यावर शहराला प्यायला पाणी नाही.

आता आपली चारी. इथं पोत्यांचं काम जाळी करते. ताग साधारण वर्ष-दोन वर्षांत कुजतो, काथ्या दोन-तीन वर्षं किंवा थोडा जास्त तग धरतो. तेवढ्यात हरळीनं मुळं धरायची असतात. केरळात ती धरतात. बीडमध्ये एक पावसाळा कोरडा गेला तरी जाळीचं वय सरतं आणि गवत मात्र तिथंच राहतं. शिवाय आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आक्रसते. जाळीची कड अधांतरी लोंबते आणि पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी तिच्या खालून शिरतं. वरून जाळी धड दिसते, खालची माती निघून गेलेली असते. प्लॅस्टिकची जाळी जास्त टिकते, पण हा धोका तिलाही चुकत नाही.

म्हणून वरची कड चर खणून पुरावी, आणि मृगाआधी दरवर्षी ती उचलून खाली हात घालावा. हरळीचा एक झुबका ओढून बघावा. सहज हातात आला, तर जाळी नवी घालावी, मग जुनी कितीही शाबूत दिसो.