चट्टा दाखवायचा कुणाला?

आमच्या मालवणकडे अंगावर डाग उठला तर पहिली भीती कॅन्सरची नसते. आधी वाटतं, कोड तर नसेल? आणि त्याहून खालच्या आवाजात, जवळजवळ न उच्चारता: महारोग? त्वचेच्या कॅन्सरच्या तपासणी मोहिमांचा इतिहास वाचायला बसलो, तेव्हा ही दुसरी भीतीच सारखी आडवी येत राहिली.

मी सॉफ्टवेअरमधला. तिळाचा फोटो काढला की धोका सांगणारी ॲप्स हे माझ्या कुतूहलाचं मूळ. ती ज्या फोटोंवर शिकली, त्यांत गोऱ्या कातडीचा भरणा फार. गोऱ्यांमध्ये मेलानोमाचं उन्हाशी घट्ट नातं आहे. आपल्यासारख्या सावळ्या माणसांत तो मुळात विरळ, आणि झालाच तर बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर, नखाखाली. रापण ओढणाऱ्या माणसाच्या उघड्या पाठीचे शंभर फोटो काढले, तरी बघायचा तळपाय राहूनच जाईल.

ज्या देशांत हा रोग खरोखर मोठा आहे, तिथंही मोहिमांचं गणित सोपं नाही. ऑस्ट्रेलियात १९८१ साली गाजलेली मोहीम सदरा घाला, क्रीम लावा, टोपी घाला असं सांगणारी होती; सगळ्यांची कातडी तपासणारी नव्हती. जर्मनीने २००८पासून पस्तिशीपुढच्या प्रत्येकाला दर दोन वर्षांनी तपासणी देऊ केली. त्यामुळे मृत्यू घटले असं ठामपणे दाखवता आलेलं नाही. अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने २०२३मध्ये पुरावा अपुरा आहे असाच निर्वाळा दिला. कारण साधं आहे. समजा, दहा हजारांत एकाला रोग आहे आणि तपासणारा शंभरात पाच वेळा निरोग्याला रोगी ठरवतो. मग एका खऱ्या रुग्णामागे पाचशे माणसं उगाच घाबरणार. रोग जितका विरळ, तितकं हे प्रमाण वाईट. आपल्या सरकारी तपासणीत तिशीपुढच्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कॅन्सर आहेत, त्वचा नाही, यात म्हणूनच नवल नाही.

पण कुठं बघायचं हा प्रश्न आपल्याकडे एका माणसाने फार पूर्वी विचारला होता. खानोलकर म्हटलं की आपल्याला आरती प्रभू आठवतात आणि वेंगुर्ल्याजवळचं खानोली गाव. हे दुसरे खानोलकर, डॉ. वसंत रामजी. मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१मध्ये सुरू झालं, तिथले ते विकृतिशास्त्रज्ञ. १९४५ साली त्यांनी आणि सूर्याबाई यांनी माणसांच्या सवयींतून होणाऱ्या तीन कॅन्सरांवर निबंध लिहिला. त्यातला एक कंबरेवरचा. धोतर वर्षानुवर्षं एकाच जागी घट्ट कसलं की कातडी घासते, रंग उडतो, ती जाड होते, जखम भरत नाही आणि कधीतरी तिथं कॅन्सर होतो. पुढे साडी नेसणाऱ्या बायकांमध्येही तो दिसला. रोग शोधायला निघालेल्या माणसाने आधी कपडे कसे नेसतात ते पाहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

याच खानोलकरांचं दुसरं मोठं काम कुष्ठरोगावरचं. आणि आपल्या देशात कातडी तपासायला घरोघर गेलेली खरी मोहीम याच रोगाची.

त्या शोधाची सुरुवात वाईट आहे. १८९०मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांनी माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी आश्रम काढला. मराठी पोवाडे जमवून छापणारे ॲकवर्थ ते हेच. पुढे १८९८च्या कायद्याने पोलिसाला भीक मागणाऱ्या रुग्णाला वॉरंटाशिवाय पकडायची मुभा दिली. औषध नव्हतं. त्यामुळे रुग्ण सापडणं याचा अर्थ एवढाच की तो उचलला जाणार. अशा काळात ज्याला शक्य होतं तो चट्टा सदऱ्याखाली ठेवणारच.

हा अर्थ बदलला तो वर्ध्यात. १९५१मध्ये तिथं गांधी स्मारक कुष्ठरोग निवारण संस्था उभी राहिली. डॉ. वारदेकरांनी तीन पायऱ्यांची पद्धत बसवली: सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. डॅप्सोन हाताशी आलं होतं, म्हणून दार ठोठावणाऱ्याकडे द्यायला काहीतरी होतं. याच पद्धतीवर १९५५चा राष्ट्रीय कार्यक्रम उभारला गेला. वीस-पंचवीस हजार लोकवस्तीमागे एक कार्यकर्ता, आणि तपासणी इतकी साधी की यंत्र लागतच नाही. माणसाला उजेडात बसवायचं, डोळे मिटायला सांगायचं, चट्ट्यावर कापूस किंवा पेनाचं टोक टेकवायचं आणि कुठं लागलं ते बोटाने दाखवायला सांगायचं. दाखवता आलं नाही तर तो बधिर चट्टा.

१९८०च्या दशकात बहुविध औषधोपचार आले आणि २००५च्या अखेरीस देशात रोगाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली गेलं. मग शोध मंदावला. दर वर्षी नवे रुग्ण मात्र सव्वा लाखाच्या आसपास सापडतच राहिले. म्हणून २०१६पासून पुन्हा घरोघर शोधमोहीम सुरू झाली: सोबत एक पुरुष स्वयंसेवक घेऊन आशाताई दारात. बायकांना ती तपासते, पुरुषांना तो. १८९८चा कायदा केंद्राने रद्द केला तोही याच वर्षी. आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण असू शकत होतं ते थेट २०१९पर्यंत.

ही शेवटची तारीख मला गप्प करते. म्हणजे मोहिमेच्या पहिल्या तीन वर्षांत पदर बाजूला करून पाठीवरचा चट्टा दाखवणारी बाई आपल्या संसाराविरुद्धचा पुरावाही देत होती. आशाताई तर त्याच गावातली. ओळखीची म्हणून दार उघडतं, आणि ओळखीची म्हणूनच काही चट्टे झाकलेले राहतात. औषध फुकट आहे, सहा महिन्यांचं किंवा वर्षाचं, आणि ते सुरू झालं की रोग पसरायचा थांबतो. हे सांगायला लागणारा वेळ तपासणीत धरला नाही, तर मोहीम फक्त नोंदवही भरते.

त्वचेच्या कॅन्सरसाठी सिंधुदुर्गात वेगळी मोहीम हवी असं मला वाटत नाही. वाडीत येणारी बाई कापूस टेकवताना तळपाय, कंबरेचा पट्टा आणि भाजल्याचे जुने व्रणही बघू शकेल. महिनोन्‌महिने न भरणारी जखम दिसली तर तुकडा काढून तपासायला कुठं जायचं आणि गाडीभाडं कोण देणार, एवढं मात्र आधी ठरलेलं हवं. आज आमच्याकडचा माणूस मोठ्या आजाराला बांबोळी नाहीतर मुंबई गाठतो. त्या वाटेचं उत्तर माझ्या ॲपमध्ये नाही. वारदेकरांच्या तिसऱ्या पायरीत आहे.