कागदाची साक्ष : राज्य पुराभिलेखागार आणि समाजाचे दप्तर

जैन परंपरेत श्रुतज्ञानाचे स्थान अनन्यसाधारण आहे. भगवान महावीरांची वाणी अनेक शतके गुरुमुखातून शिष्यांकडे येत राहिली. पुढे दुष्काळ पडले, साधुसंघ विखुरले आणि स्मरणातील ज्ञान क्षीण होऊ लागले, तेव्हा ते लिहून ठेवण्याची निकड आचार्यांना जाणवली. श्वेतांबर परंपरेनुसार वीर निर्वाणानंतर ९८० वर्षांनी वल्लभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखाली आगम लिपिबद्ध करण्यात आले. दिगंबर परंपरेनुसार आचार्य धरसेन यांनी गिरनारच्या गुंफेत दिलेले ज्ञान पुष्पदंत व भूतबली या मुनिद्वयाने षट्खंडागमात ग्रथित केले. कार्तिक शुद्ध पंचमीची ज्ञानपंचमी आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीची श्रुतपंचमी हे दोन्ही दिवस ग्रंथपूजनाचे. ग्रंथ बाहेर काढणे, धूळ झटकणे, जुने वेष्टन बदलून नवे घालणे ही कामे या समाजाने पूजेचाच भाग मानली.

धर्मग्रंथांच्या बाबतीत एवढा दक्ष असलेला समाज आपल्या संस्थांच्या, दानाच्या आणि व्यवहाराच्या नोंदींबाबत तितकाच दक्ष राहिला आहे काय, हा प्रश्न सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी विचारात घेण्याजोगा आहे. त्याचे उत्तर शोधताना शासनाच्या पुराभिलेखागारांकडे पाहणे उद्बोधक ठरेल.

तीन शहरांतील ठेवा

महाराष्ट्राच्या पुराभिलेखांची परंपरा मोठी आहे. मुंबई सरकारने १८२१ मध्ये आपल्या सचिवालयाचे स्वतंत्र अभिलेख कार्यालय स्थापन केले. काळा घोडा परिसरातील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या दगडी इमारतीत हे दप्तर अनेक दशके राहिले आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सुरत व मुंबई येथील वखारींच्या सतराव्या शतकातील रोजनिशांपासून महसूल, न्याय, राजकीय, सार्वजनिक बांधकाम अशा खात्यांच्या हजारो बांधीव खंडांपर्यंत येथील संग्रह पसरलेला आहे. त्यासोबत नकाशे, राजपत्रे, छापील अहवाल आणि मायक्रोफिल्म हेही आहेत.

पुण्याचे पेशवे दप्तर हा याहून निराळा ठेवा. १८९१ च्या सुमारास पूर्ण झालेल्या खास इमारतीत हे दप्तर नांदते. येथील कागद रुमालांत बांधलेले आहेत. रुमाल म्हणजे जाड्याभरड्या कापडाचा चौकोनी तुकडा. त्यात कागदांचा गठ्ठा ठेवून चारही टोकांची गाठ मारली जाते. कापडातून हवा खेळती राहते, धूळ आत जात नाही आणि कागदाला घाम सुटत नाही. पोथ्यांना कापडी वेष्टन घालणाऱ्या जैन भांडारांनीही हीच युक्ती शतकानुशतके वापरली आहे. असे तीस हजारांहून अधिक रुमाल पुण्यात आहेत. बहुसंख्य कागद मोडी लिपीतील आहेत.

व्यापारी वाचकांना या दप्तराची रचना परिचित वाटेल. पेशव्यांच्या कारभारातील दररोजच्या जमाखर्चाची व हुकमांची नोंद रोजकीर्दीत होत असे आणि तिच्यावरून विषयवार मांडणी घडणीत केली जात असे. आजच्या भाषेत रोजमेळ आणि खतावणी. रोजमेळ नसेल तर खतावणीला आधार राहत नाही, आणि खतावणी नसेल तर रोजमेळातून हवी ती रक्कम शोधता येत नाही. कोट्यवधी रुपयांचा राज्यकारभार याच शिस्तीवर चालला होता.

तिसरे दप्तर कोल्हापूरचे. करवीर संस्थानाचे कागद तेथे आहेत आणि राजर्षी शाहू छत्रपतींच्या कारकिर्दीचा अभ्यास त्यांच्याशिवाय होऊ शकत नाही.

कागद का टिकले?

हे सारे कागद इतिहासाच्या प्रेमापोटी टिकले, असा समज करून घेण्याचे कारण नाही. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेने पुणे लुटले व जाळले. १८२८ मध्ये शनिवारवाडा आगीत भस्मसात झाला. अशा आपत्तींतून वाचलेले पेशव्यांचे दप्तर १८१८ नंतर इंग्रजांच्या हाती आले, तेव्हा त्यांनी ते जपले ते महसुलासाठी. कोणती जमीन इनाम, कोणत्या देवस्थानाला किती वर्षासन आणि कोणत्या सनदेने, हे त्याच कागदांवरून ठरणार होते. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना पुरावे सादर करावे लागले. ज्यांच्या घरी सनद होती अथवा ज्यांची नोंद दप्तरात सापडली, त्यांच्या बाजूला आधार होता. ज्यांचा कागद वाळवीने खाल्ला, त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीवरही प्रश्नचिन्ह लागले.

इतिहासाच्या दृष्टीने या दप्तराची दारे फार उशिरा उघडली. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव, वाड्यावाड्यांत फिरून खासगी दप्तरे धुंडाळत होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. सरकारी दप्तरात जे नव्हते ते कुणाच्या तरी माळ्यावर होते, हे राजवाड्यांच्या खटाटोपाने सिद्ध केले.

शत्रुंजयाचा दाखला

समाजाने जपलेला कागद आणि सरकारी दप्तरातील कागद या दोहोंचे मोल एकत्र पाहायचे असेल तर पालिताण्याच्या शत्रुंजय तीर्थाचा इतिहास डोळ्यांपुढे आणावा. अहमदाबादचे नगरशेठ शांतिदास झवेरी यांनी १६५१ मध्ये पालिताण्याच्या गोहेल राज्यकर्त्यांशी यात्रेकरूंच्या रखवालीचा, म्हणजे रखोप्याचा करार केला. पुढे शाहजहान बादशहा व शाहजादा मुराद बक्ष यांची पालिताणा इनामाची फर्मानेही शांतिदासांना मिळाली. ही फर्माने त्यांच्या वारसांनी व आणंदजी कल्याणजी पेढीने सांभाळली. इतिहासकार एम. एस. कॉमिसॅरियट यांनी १९४० मध्ये गुजरातेतील मोगल फर्माने प्रसिद्ध केली, तेव्हा विद्वानांना त्यांचे महत्त्व उमगले.

काठेवाडचा कारभार १८२० पासून मुंबई सरकारच्या राजकीय प्रतिनिधीकडे आला आणि शत्रुंजयाचा प्रश्न मुंबईच्या दप्तरात प्रविष्ट झाला. १८२१ मध्ये कॅप्टन बार्नवेल यांच्या मध्यस्थीने वार्षिक ४,००० रुपये रखोपा ठरला. १८६३ मध्ये मेजर कीटिंग यांनी तो १०,००० रुपये केला. १८८६ च्या करारात ४० वर्षांसाठी १५,००० रुपये मान्य झाले. ती मुदत ३१ मार्च १९२६ रोजी संपली. त्यानंतर राजकीय प्रतिनिधींनी वार्षिक १ लाख रुपयांचा निवाडा दिला, तो समाजाला अमान्य होता. एप्रिल १९२६ पासून सुमारे दोन वर्षे जैन यात्रेकरूंनी शत्रुंजयाची यात्राच केली नाही. अखेर १९२८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या समक्ष सिमल्यात तडजोड झाली आणि ३५ वर्षांसाठी वार्षिक ६०,००० रुपये ठरले.

शंभर वर्षांच्या या वाटाघाटीत प्रत्येक पायरीवर मागचा करार समोर ठेवावा लागला. एका बाजूला सरकारी खंडांतील पत्रव्यवहार होता, दुसऱ्या बाजूला पेढीचे स्वतःचे दप्तर होते. पेढीकडे कागद नसते, तर समाजाला आपले म्हणणे प्रतिपक्षाच्याच नोंदींवरून मांडावे लागले असते. यात्रा थांबवण्याचा निर्धार श्रद्धेतून आला, हे खरेच आहे. परंतु वाटाघाटीच्या मेजावर तो निर्धार कागदाच्या आधारानेच उभा राहिला.

सरकारी दप्तराची मर्यादा

राज्याचे दप्तर राज्याला हवे तेवढेच लिहिते. कर भरणारा, अर्जदार, वादी, प्रतिवादी, परवानाधारक अशा रूपांत समाजाची माणसे तेथे भेटतात. पाठशाळा कुणी सुरू केली, दुष्काळात धान्य कुणी वाटले, मंदिराच्या जीर्णोद्धारासाठी कोणत्या मातेने अंगावरचे दागिने उतरवून दिले, याची नोंद मंत्रालयाच्या कोणत्याही खात्यात होत नाही. ती झाली तर संस्थेच्या इतिवृत्तातच होते.

समाजातील दूरदृष्टीच्या व्यक्तींनी ही जाणीव ठेवली होती. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी १८८५ मध्ये ‘जैन बोधक’ हे मराठी नियतकालिक सुरू केले. त्याच शेठजींनी मुंबईचे दानवीर माणिकचंद पानाचंद यांच्यासह मूडबिद्री येथील धवला व जयधवला या ताडपत्रीय ग्रंथांच्या प्रतिलिपीसाठी पुढाकार घेतला. जुन्या कन्नड लिपीतील जीर्ण ताडपत्रांवरून नक्कल करण्याचे हे काम १८९६ ते १९२२ असे २६ वर्षे चालले. त्यानंतर डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ मध्ये अमरावतीहून धवलेचा पहिला खंड प्रकाशित झाला. प्रतिलिपी झाली नसती तर ते ज्ञान एका गावातील एका भांडारातच बंदिस्त राहिले असते.

कोल्हापुरात अण्णासाहेब लठ्ठे यांनी १९२४ मध्ये राजर्षी शाहूंचे चरित्र दोन खंडांत लिहिले. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या संस्थापकांत ते होते आणि पुढे करवीर संस्थानचे दिवाणही झाले. शिवाजी विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्रातून राजर्षी शाहूंच्या कागदपत्रांचे खंड निघाले, त्यांचे एक संपादक डॉ. विलास आदिनाथ संगवे होते. जैन समाजाचे शास्त्रशुद्ध सामाजिक सर्वेक्षण १९५९ मध्ये ग्रंथरूपाने मांडणारे विद्वान तेच. राज्याचे दप्तर वाचणारे आणि समाजाची नोंद करणारे हात येथे एकच होते.

कागदापलीकडील साहित्य

छायाचित्रे, ध्वनिफिती व चित्रफिती ही विसाव्या शतकाची साधने. ती कागदाहून नाजूक आहेत. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. कोल्हापुरात १९२९ मध्ये स्थापन झालेल्या प्रभात कंपनीच्या चित्रपटांच्या मूळ फिल्मही त्यात नष्ट झाल्या. ज्या चित्रपटांच्या प्रती आधीच दुसऱ्या फिल्मवर उतरवून ठेवल्या होत्या, ते पाहावयास मिळतात. एकाच ठिकाणी एकच प्रत ठेवणे किती धोक्याचे असते, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

समाजाच्या घराघरांतही असा साठा पडून आहे. पंचकल्याणक अथवा अंजनशलाका महोत्सवाच्या चित्रफिती, महाराजसाहेबांच्या चातुर्मासातील प्रवचनांच्या कॅसेटी, भूमिपूजनाची कृष्णधवल छायाचित्रे. कॅसेटची चुंबकीय फीत दमट हवेत बुरशी धरते, आणि ती वाजवणारी यंत्रेही आता दुर्मीळ झाली आहेत. छायाचित्रांतील व्यक्ती ओळखणारी ज्येष्ठ मंडळी एकेक करून निघून जात आहेत. ज्याच्या मागे नाव लिहिलेले नाही, ते छायाचित्र पुढच्या पिढीला अनोळखी चेहऱ्यांचे ठरते.

पन्नास वर्षांचे दप्तर

सार्वजनिक न्यासाची नोंदणी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमान्वये धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात होते. विश्वस्त बदलले की बदल अर्ज, दरवर्षी लेखापरीक्षण, मालमत्तेची परिशिष्टातील नोंद असे कागद तेथे जमा होत असतात. तरीही संस्थेचे पूर्ण चरित्र त्यात नसते. त्यासाठी संस्थेचे स्वतःचे दप्तर हवे.

बहुतेक संस्थांमध्ये दप्तर पदाधिकाऱ्यांच्या घरोघरी फिरत असते. अध्यक्ष बदलतात, मंत्री बदलतात, आणि जुनी इतिवृत्त पुस्तके कुणाच्या तरी कपाटात राहून जातात. घराचे नूतनीकरण होते आणि पन्नास वर्षांचा इतिहास रद्दीच्या वजनाने विकला जातो. यात कुणाचाही दुष्ट हेतू नसतो. जबाबदारी कुणा एकाची नसते, एवढेच त्याचे कारण.

सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने पुढील कामे हाती घेणे उचित ठरेल. न्यासपत्र, इतिवृत्ते, लेखापरीक्षण अहवाल, देणगीदारांच्या याद्या व मालमत्तेचे दस्त एकत्र करून त्यांची वर्षवार यादी करावी. टाचण्या व लोखंडी पिना काढाव्यात, कारण त्यांचा गंज कागद खातो. प्लास्टिकच्या पिशव्यांऐवजी धुतलेल्या सुती कापडाचे रुमाल वापरावेत. छायाचित्रांच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने नाव, स्थळ व साल लिहावे. कॅसेटी व चित्रफिती संगणकीय स्वरूपात उतरवून घ्याव्यात. प्रत्येक महत्त्वाच्या दस्ताची एक प्रत ट्रस्टच्या वास्तूबाहेर ठेवावी. दप्तराची सूची आणि किल्ली एका नियुक्त व्यक्तीकडे असावी, आणि पदभार सोपवताना सूचीप्रमाणे मोजणी व्हावी. दुकानाच्या मालाची शिलकी मोजणी न चुकता करणाऱ्या समाजाला हे काम अवघड नाही.

मोडी, महाजनी अथवा हळेकन्नड लिपीतील जुन्या चोपड्या कुणाकडे असतील, तर त्या टाकून न देता जाणकारांना दाखवाव्यात. मोडी वाचणाऱ्यांची संख्या कमी आहे. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेत आले आहे. समाजातील दोन-चार तरुण-तरुणींनी ती लिपी आत्मसात केली, तर पुण्याच्या रुमालांतील देवस्थानांच्या नोंदी त्यांना स्वतः वाचता येतील.

ज्ञानपंचमीला व श्रुतपंचमीला ग्रंथांचे पूजन होतेच. त्याच दिवशी ट्रस्टच्या दप्तराची पेटीही उघडावी, कागदांना हवा द्यावी, सूचीशी ताडून पाहावे आणि नवे रुमाल बांधावेत. संस्थेच्या शताब्दीची स्मरणिका लिहिणाऱ्यांना या पन्नास वर्षांची हकिकत त्याच पेटीतून मिळेल. ज्यांनी संस्थेसाठी तन, मन, धन वेचले, त्या पुण्यात्म्यांचे ऋण फेडण्याचा हाही एक मार्ग आहे.

जय जिनेंद्र.