दुसऱ्या संधीचं कूळ

21 मे 2017च्या रात्री हैदराबादच्या मैदानावर आयपीएलच्या फायनलमध्ये पुण्याला शेवटच्या चेंडूवर चार धावा हव्या होत्या. ख्रिश्चनने चेंडू टोलवला, दोन धावा पळून काढल्या आणि तिसरीसाठी धावताना तो बाद झाला. मुंबई 129, पुणे 128. आमच्या घरात कुणी बोलेना. आठवीतला पुतण्या तेवढा म्हणाला, "काका, या मोसमात आपण यांना तीनदा हरवलं ना? मग हे फायनलला आलेच कसे?"

प्रश्न रास्त होता. साखळीत दोनदा आणि मग वानखेडेवर 'क्वालिफायर वन'मध्ये, असं तीनदा पुण्याने मुंबईला हरवलं होतं. पण पहिल्या दोघांत आलेल्या संघाला हरल्यावर आणखी एक संधी मिळते. मुंबई त्या दाराने परत आली आणि करंडक घेऊन गेली. मी त्याला नियम समजावून सांगितला, पण नियम आला कुठून हे मलाही सांगता येईना. त्या रात्रीपासून हे दार कुणी बसवलं याचा माग काढायचा नाद लागला. त्या वाटेवर मला इंग्लंडच्या उत्तरेतल्या गिरणगावांचा एक खेळ भेटला, रग्बी लीग. खरं सांगायचं तर दुसऱ्या संधीपेक्षा मी त्याच्याच मोसमात जास्त अडकलो.

रग्बी लीगचा जन्म बहुतेकांना माहीत असतो. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले. शनिवारी खेळायला गेल्याने कामगाराचा रोज बुडतो, तो भरून द्यावा एवढीच त्यांची मागणी होती. लंडनकरांना ती मान्य नव्हती, म्हणून या क्लबांनी वेगळी चूल मांडली. त्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय. मला ज्या मोसमाबद्दल सांगायचंय तो त्यानंतर दहा वर्षांनी आला.

1905-06 साली या मंडळींनी दोन विभाग मोडून सगळ्या क्लबांची एकच साखळी केली. क्लब तिसाच्या घरात. प्रत्येकाने प्रत्येकाशी घरी आणि दारी खेळायचं म्हटलं तर साठ सामने होतात. आठवडाभर खाणीत नाहीतर गिरणीत राबणाऱ्या माणसांना ते झेपणारं नव्हतं. शिवाय शेजारच्या गावाशी सामना असला की तिकिटं खपतात आणि रेल्वेचं भाडं वाचतं. त्यामुळे ज्याने त्याने आपापले सामने ठरवले, कुणी जास्त तर कुणी कमी. मग गुणांची थेट तुलना कशी करणार? त्यावर टक्केवारीचा तोडगा निघाला. समजा, एका संघाने 30 सामन्यांत 48 गुण मिळवले, तर त्याचे 80 टक्के झाले. दुसऱ्याने 34 सामन्यांत 52 मिळवले, तर त्याचे साडेशहात्तर. गुण जास्त असूनही तो खाली.

त्या वर्षी अजिंक्यपद लँकशरमधल्या Leigh गावाने, म्हणजे उच्चाराने 'ली'ने, पटकावलं. त्यांचे सामने 30च होते, इतर मोठ्या क्लबांपेक्षा कमी, आणि प्रतिस्पर्धीही तुलनेने सोपे. कुरकुर सुरू झाली. लीचा यात काही दोष नव्हता, समोर आलेल्यांना त्यांनी हरवलं होतं. पण जे समोर आलेच नाहीत, त्यांचं काय? म्हणून पुढच्याच मोसमापासून ठरलं, की तक्त्यातले पहिले चार आपसांत खेळतील आणि त्यातून विजेता निघेल. यालाच प्ले-ऑफ म्हणतात. 1907 साली हडर्सफील्डच्या फारटाउन मैदानावर हॅलिफॅक्सने ओल्डमला 18-3 असं हरवलं. ही त्या खेळातली पहिली अजिंक्यपदाची फायनल.

माझा सिद्धांत इथून सुरू होतो. ब्रिटिश रग्बी लीगमधला प्ले-ऑफ म्हणजे टीव्हीवाल्यांनी 1998 साली ऑस्ट्रेलियातून आणलेलं खूळ, असं उत्तरेतले जुने प्रेक्षक आजही म्हणतात. मला ते पटत नाही. प्ले-ऑफ हे त्या मातीतलंच पीक आहे, आणि ते असमान सामन्यांच्या बियाण्यातून उगवलंय.

पुरावा त्यांच्याच इतिहासात आहे. 1902 ते 1905 दोन विभाग होते, विभागातले सगळे एकमेकांशी खेळत, तेव्हा प्ले-ऑफ नव्हता. 1905ला एकच मोठी साखळी आली आणि पाठोपाठ 1907ला प्ले-ऑफही आला. 1962 साली पुन्हा दोन विभाग झाले, तसा प्ले-ऑफ गेला. पुढची दोन्ही वर्षं स्विंटन तक्त्यात पहिलं आलं आणि तेवढ्यावरच अजिंक्य ठरलं. 1964ला साखळी परत एकत्र झाली आणि प्ले-ऑफ परतला, तोही एकदम सोळा संघांचा. 1973ला पुन्हा दोन विभाग झाले आणि अजिंक्यपदाचा प्ले-ऑफ पुन्हा नाहीसा झाला. 'प्रीमियरशिप' नावाची एक वेगळी स्पर्धा मोसमाच्या शेपटाला उरली, पण अजिंक्य संघ तक्त्यावरूनच ठरे. म्हणजे सामने समान झाले की प्ले-ऑफ जातो आणि असमान झाले की येतो. हा योगायोग म्हणायला मी तयार नाही.

1998ला मात्र माझं म्हणणं लंगडं पडतं, हे मान्य करतो. तोवर बरंच काही बदललं होतं. रुपर्ट मर्डॉकच्या कंपनीने पाच वर्षांसाठी 8 कोटी 70 लाख पौंड मोजले होते, 1996 साली सुपर लीग सुरू झाली होती आणि शंभर वर्षं चिखलात, हिवाळ्यात खेळला गेलेला खेळ उन्हाळ्यात आला होता. 1998ला संघ बारा आणि सामने 23, म्हणजे जवळजवळ समान. विगनने त्यातले 21 जिंकले होते. विजेता ठरवायला प्ले-ऑफची काहीच गरज नव्हती, तरी तो आला. तिथे टीव्हीचा हात होताच. पण पुढे काय झालं ते बघा. 2007पासून सगळे संघ एकाच शहरात जमवून एक जादा फेरी खेळू लागले, तिला 'मॅजिक वीकेंड' म्हणतात. शिवाय काही प्रतिस्पर्ध्यांशी तिसऱ्यांदा खेळायचे सामनेही आले, त्यांना तिकडे 'लूप फिक्स्चर' म्हणत. ते कुणाला सोपे पडत, कुणाला अवघड. लीच्या वेळचीच तक्रार शंभर वर्षांनी परत दारात उभी राहिली, आणि प्ले-ऑफला त्याचं जुनं काम परत मिळालं. आपली आयपीएलही 2022पासून दहा संघांची झाली. 14 सामन्यांत प्रत्येक संघ पाच जणांशी दोनदा आणि चार जणांशी एकदाच खेळतो. 1905च्या उत्तर इंग्लंडचं दुखणं ते हेच.

पण 1907च्या त्या घरच्या प्ले-ऑफमध्ये दुसरी संधी नव्हती. हरला तो घरी गेला. 'ग्रँड फायनल' हा शब्दही नव्हता. या दोन्ही गोष्टी मेलबर्नच्या, त्याही दुसऱ्याच खेळातल्या, ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या.

आधी शब्दाचं बघू. आपल्याकडे टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांचा 'महाअंतिम सोहळा' होतो, तेव्हा 'महा' म्हणजे भपका, असंच आपण धरतो. 'ग्रँड फायनल'मधला 'ग्रँड'ही तसाच असावा, असं मलाही वाटायचं. पण मेलबर्नची जुनी पद्धत वाचली आणि मत बदललं. तिकडे व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये 'आर्गस' नावाच्या वर्तमानपत्राच्या नावाने ओळखली जाणारी एक पद्धत होती. तिच्यात उपांत्य सामन्यांचे विजेते 'फायनल' खेळत. साखळीत पहिला आलेला संघ मध्येच कुठे हरला, तर त्याला आव्हान देण्याचा हक्क असे. तो त्याने बजावला की फायनलनंतर आणखी एक सामना व्हायचा, आणि त्याला 'ग्रँड फायनल' म्हणत. म्हणजे 'ग्रँड' इथे नात्यातल्यासारखा आहे. जसा वडिलांच्या वरचा आजोबा, तसा फायनलच्या वरचा हा सामना. उलट बाजूने कुणी म्हणेल, की 1898 सालीच, आर्गस पद्धतीच्या आधी, फिट्झरॉय आणि एसेंडन यांच्या सामन्याला हे नाव होतं. खरं आहे. पण तोही एका पात्रता-सामन्याच्या वरचा, साखळीत पहिल्या आलेल्या संघाशी झालेला शेवटचा सामना होता. त्यामुळे माझ्या मते मूळ अर्थ 'त्याच्याही वरचा' असाच, भपका नंतर चिकटला.

या आव्हानाच्या हक्काची अडचण अशी, की सामने किती होणार हे आधी कळतच नसे. तिकिटं कशी छापायची, मैदान कधी राखायचं? 1924 साली त्यांनी चौघांची साखळीच लावून पाहिली. त्यात एसेंडन शेवटचा सामना रिचमंडकडून हरलं आणि तरीही अजिंक्य झालं. लोक हिरमुसले, गल्लाही बसला. शेवटी 1931ला नवी पद्धत आली. पहिला दुसऱ्याशी खेळेल आणि जिंकणारा थेट फायनलला जाईल. तिसरा चौथ्याशी खेळेल आणि हरणारा बाहेर पडेल. मग वरच्या सामन्यातला हरलेला आणि खालच्यातला जिंकलेला आपसांत खेळून फायनलची दुसरी जागा ठरवतील. आयपीएलमध्ये 2011पासून आहे ती हीच.

कागद-पेन्सिल घेऊन तिचा हिशेब करून पाहिला. चारही संघ तुल्यबळ मानले, तर साध्या उपांत्य फेरीत प्रत्येकाला 25 टक्के संधी. या पद्धतीत पहिल्या दोघांना साडेसदतीस टक्के आणि खालच्या दोघांना साडेबारा. मोसमभर घाम गाळल्याचं दाम तिप्पट, आणि एकूण सामने बरोबर चार, ना कमी ना जास्त. इतकं नेटकं यंत्र खेळांच्या नियमांत मी दुसरं पाहिलेलं नाही.

ते बनवलं कुणी? जगात तिला 'पेज पद्धत' म्हणतात, कर्लिंगसारख्या बर्फावरच्या खेळातही. पर्सी पेज हा रिचमंड क्लबचा सचिव, त्याने ती लीगपुढे मांडली. दुसरा दावेदार केन मॅकिंटायर, मेलबर्नचा वकील. मी मॅकिंटायरच्या बाजूचा आहे. 1972ला पाच संघांची, 1991ला सहांची, 1994ला आठांची, अशा पुढच्या पद्धती त्याच्याच नावावर आहेत. ज्याच्या भट्टीतून नंतर इतकी भांडी निघाली, पहिलं भांडंही त्याचंच असणार. 1931ला तो विशीतला पोरगा होता, लीगच्या सभेत त्याला कोण बोलू देणार? कुणा पदाधिकाऱ्याच्या तोंडून ते जावं लागलं आणि मांडणाऱ्याचं नाव चिकटलं, असा माझा तर्क. 'पेज-मॅकिंटायर' अशी जोडनावाची तडजोडही चालते, पण मी पेज मागे ठेवतो. हाच मॅकिंटायर पुढे 1977ला एक पुस्तक लिहून गाजला. कॅप्टन कुकच्या अडीचशे वर्षं आधी पोर्तुगीज ऑस्ट्रेलियाला पोचले होते, असं त्याचं म्हणणं. बहुतेक इतिहासकारांनी ते मानलं नाही.

पहिल्याच वर्षी काय घडलं ते ऐका. तक्त्यात पहिलं आलेलं जीलाँग रिचमंडकडून हरलं, दुसऱ्या संधीने परत आलं आणि ग्रँड फायनलमध्ये त्याच रिचमंडला 20 गुणांनी हरवून अजिंक्य झालं. रिचमंड म्हणजे पेजचा स्वतःचा क्लब. पुण्याचं 2017 मला तिथे जसंच्या तसं दिसलं.

मेलबर्नहून हे वळण सिडनीच्या रग्बी लीगमध्ये गेलं आणि तिथून 1998ला इंग्लंडात उतरलं. वाटेत एक ओळखीचा माणूस आधीपासून उभा होता. ब्रिटनमध्ये मोसमअखेरच्या फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला 1965पासून 2023पर्यंत हॅरी संडरलंड करंडक देत, आणि संडरलंड ऑस्ट्रेलियाचाच, क्वीन्सलंडचा. 1998ची पहिली ग्रँड फायनल मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर झाली, पाच संघांच्या मॅकिंटायर पद्धतीने. विगनने लीड्सला एकदा हरवलं होतं, लीड्स दुसऱ्या दाराने परत आले आणि विगनने त्यांना पुन्हा हरवलं, 10-4. तो करंडक जेसन रॉबिन्सनला मिळाला.

2009ला प्ले-ऑफमध्ये आठ संघ झाले आणि 'क्लब कॉल' नावाचा एक अजब नियम आला. उपांत्य फेरीत पोचलेला वरचा संघ आपला प्रतिस्पर्धी स्वतः निवडणार. 2011ला तक्त्यात पहिल्या आलेल्या वॉरिंग्टनने पाचव्या आलेल्या लीड्सला निवडलं. स्वतःच्या मैदानावर ते 26-24ने हरले, केविन सिनफील्डच्या अखेरच्या पेनल्टीवर. पुढे सेंट हेलन्सविरुद्धच्या फायनलमध्ये लीड्सचा रॉब बरो, उंची साडेपाच फुटांच्या आत, धिप्पाड बचावपटूच्या हाताखालून वाकून निसटला, शेवटच्या माणसाला एका पावलात चकवलं आणि चेंडू रेषेपलीकडे टेकवला. लीड्स 32-16ने जिंकले, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाचव्या जागेवरून जिंकले. वॉरिंग्टनला मिळाली ती तक्त्यात पहिलं आल्याची ढाल, जिला तिकडचे प्रेक्षक गाडीच्या चाकाची 'हबकॅप' म्हणायचे. मला ते नाव खुपतं. मोसमभर पहिलं राहणं हे काही चाकाचं झाकण नव्हे.

2015ला पुन्हा चार संघ आले, साध्या उपांत्य फेरीचे. दुसरी संधी गेली. 2019 या एका वर्षी पाच संघांसोबत ती परत आली, आणि सॅलफर्डच्या वाट्याला गेली. तक्त्यात तिसरे आलेले सॅलफर्ड पहिल्या आठवड्यात विगनच्या मैदानावर 18-12ने हरले. मग कॅसलफर्डला त्यांनी एकही गुण घेऊ दिला नाही, 22-0. पुढच्या आठवड्यात ते परत विगनच्या त्याच मैदानावर उतरले आणि 28-4ने जिंकले. ओल्ड ट्रॅफर्डवर सेंट हेलन्सने त्यांना 23-6 असं हरवलं. 2020ला चार, 2021पासून सहा संघ, आणि दोन्हीत हरला तो घरी. सुपर लीगमध्ये ते दार बंदच आहे. आयपीएलमध्ये ते दर मोसमात उघडतं. पुतण्या आता इंजिनिअरिंगला आहे, आणि पुणे जिंकायला हवं होतं हे त्याचं म्हणणं अजून कायम आहे.