उरलेलं, उष्टं आणि पाहुण्याचा डबा

जेवणं आटोपलेली असतात, पाहुणे दारात चपला शोधत असतात आणि आतून हाक येते, "अहो थांबा, थोडी भाजी डब्यात घालून देते." "नको हो, कशाला!" दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा डबा पिशवीत जातो. हा संवाद आपण सगळ्यांनी ऐकलाय. पण पहिल्याच वेळी पाहुण्यानं स्वतःहून डबा पुढे केला तर? यजमानीण काही बोलणार नाही, पण ती गोष्ट लक्षात ठेवील. अन्न तेच, भाजी तीच. मग एवढा फरक कशानं पडतो? आज आपण या फरकाचा इतिहास बघू.

सुरुवात जरा लांबून, रोमपासून करू. रोमन पाहुणा मेजवानीला जाताना बहुधा स्वतःचा रुमाल घेऊन जाई. त्याला ते 'मप्पा' म्हणत. हात-तोंड पुसायला तो उपयोगी पडेच, शिवाय जाताना त्यात खाऊ बांधून नेता येई. यजमान पाहुण्यांना घरी न्यायला ज्या भेटी देई त्यांना 'अपोफोरेटा' असा ग्रीक शब्द होता, म्हणजे 'सोबत न्यायच्या वस्तू'. पहिल्या शतकातला कवी मार्शल, त्याच्या चौदाव्या पुस्तकाचं नावच हे आहे. डिसेंबरातल्या सॅटर्नेलिया सणाच्या भेटींसोबत द्यायच्या दोन-दोन ओळी त्यात आहेत.

म्हणजे घरी नेणं शिष्टसंमत होतं. पण मर्यादा होती, आणि ती कुठं होती हे मार्शलच्याच टिंगलीतून कळतं. त्याचा एक पाहुणा टेबलावर येईल ते मांस, मासळी, पक्षी सगळं रुमालात गुंडाळून नोकराच्या हाती देतो आणि बाकीचे नुसते बघत बसतात. दुसरा पाहुणा, सांत्रा, सगळं गोळा करून दोनशे पायऱ्या चढून आपल्या खोलीत नेतो. आपल्याला वाटतं, गरीब आहे बिचारा, उद्या खाईल. तर तो दुसऱ्या दिवशी ते विकतो!

यावर हसताना एक गोष्ट विसरू नये. दोनशे पायऱ्या चढून जायच्या खोलीत श्रीमंत माणूस राहत नसे. पोट भरलेल्यांनी भुकेल्याच्या रीतीभातींना हसणं, हाही या इतिहासाचा भाग आहे.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या भाषेनं इथं फार बारीक भेद केलेत. पातेल्यात राहिलं ते उरलेलं. पानात राहिलं, ज्याला जेवणाऱ्याचा हात लागला, ते उष्टं. देवापुढून आलं तो प्रसाद. सत्यनारायणाचा शिरा द्रोणात घालून घरच्यांसाठी नेताना कुणाला संकोच वाटत नाही. लग्नघरातून निघताना मिळणाऱ्या लाडू-चिवड्याच्या पुड्याचंही तसंच. तो उरलेल्यातला नसतोच, पाहुण्यासाठी मुद्दाम केलेला असतो. पानातलं मात्र कुणी पाहुण्याला बांधून देत नाही.

मग पानातलं जात होतं कुठं? शिष्टाचाराच्या गप्पांत हा प्रश्न सहसा येत नाही. ते गावकुसाबाहेर जात होतं. महारांनी गावाची कामं करायची आणि त्या बदल्यात बलुतं घ्यायचं, दारोदार भाकरी मागायची, सणा-लग्नाचं उरलंसुरलं न्यायचं. रूढी याला 'हक्क' म्हणे. पण हा हक्क असा, की तो घेणारा दर वेळी आणखी लहान होई. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस आणि शिळ्या तुकड्यांची भीक सोडून द्यायला सांगितलं. चवदार तळ्याचं पाणी आपल्याला आठवतं. पण त्याच परिषदेतली ही भाकरीची गोष्ट तितकी आठवत नाही. पाणी घेणं आणि उष्टं नाकारणं, दोन्हींची मागणी एकच होती.

ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या हिंदी आत्मकथनाचं नाव 'जूठन', म्हणजे उष्टं. ते १९९७ मध्ये आलं. त्यात त्यांच्या लहानपणीचा एक लग्नाचा प्रसंग आहे. दहा-बारा दिवस या लग्नघरी राबलेली त्यांची आई वऱ्हाड जेवून गेल्यावर मुलांसाठी थोडं चांगलं जेवण मागते. घरमालक तिच्या उष्ट्या पत्रावळींच्या टोपलीकडे बोट दाखवून तिला तिची जागा दाखवतो. ती बाई टोपली तिथंच उलटी करते आणि मुलांना घेऊन निघून जाते. त्यानंतर त्या घरात उष्टं आलं नाही.

आपल्या दारातल्या डब्याची आणि त्या टोपलीची तुलना करून बघा. डबा घेणाऱ्याला 'नको' म्हणता येतं, आणि 'नको' म्हटलं तरी त्याची मुलं उपाशी राहत नाहीत. आणखी एक रीत आहे आपली, आजीनं शिकवलेली: दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालावी. त्या साखरेचा अर्थ असा, की आज तुम्ही दिलंत, उद्या आम्ही देऊ, आपण बरोबरीचे आहोत. टोपली मात्र एकाच दिशेनं जात होती, तिच्यात साखर घालून परत करायची सोय नव्हती.

आज आपल्या घरी कामाला येणाऱ्या मावशींना आपण रात्रीचं उरलेलं देतो. देऊ नये असं आम्ही म्हणत नाही. अन्न वाया जाण्यापेक्षा कुणाच्या पोटात गेलेलं बरंच. पण पाहुण्यांसाठी झाकणाचा डबा आणि मावशींसाठी कालची पिशवी, असं आपल्या घरात होतं का? पाहुण्यांना ताजं आधी काढून ठेवतो, तसं त्यांना ठेवतो का? आणि त्यांनी 'नको' म्हटलं, तर आपल्याला राग येतो का?