श्रोत्यांचा कौल : 'पिंकर्टन' या अल्बमची हकीकत

पहिल्या कृतीचें यश हें कलावंताला मिळालेलें बक्षीस असतें, तसेंच तें त्याच्या डोक्यावर चढलेलें ऋणहि असतें. ज्या नाटकमंडळीचें पहिलें नाटक गाजलें, तिच्या दुसऱ्या नाटकाला प्रेक्षक येतो तो केवळ नाटक पाहावयास येत नाहीं. गेल्या खेपेचा आनंद पुनः पदरांत पडेल, या आशेनें तो येतो. तो आनंद त्याच रूपानें हातीं लागला नाहीं, म्हणजे समोरची कृति मुळांत कशी आहे हें पाहण्याचें भान त्याला उरत नाहीं. पाश्चात्य रॉक संगीताच्या इतिहासांत 'वीझर' नांवाच्या अमेरिकन बँडच्या दुसऱ्या अल्बमवर असाच प्रसंग ओढवला. श्रोत्यांनीं प्रथम त्याला टाकाऊ ठरविलें आणि सहा वर्षांच्या आंतच डोक्यावर घेतलें. हा उलटा निवाडा कसा झाला, आणि मधल्या काळांत त्याची किंमत कोणाला द्यावी लागली, ही हकीकत कोणत्याहि रसिकानें लक्षांत घेण्यासारखी आहे.

वीझर हा बँड १९९२ सालीं लॉस एंजेलिस शहरांत स्थापन झाला. गीतकार, गायक आणि गिटारवादक रिव्हर्स क्वोमो हा त्याचा प्राण होय. पहिला अल्बम बाहेर पडला तेव्हां ड्रम वाजविणारा पॅट्रिक विल्सन, बास गिटारवर मॅट शार्प आणि गिटारवर ब्रायन बेल असे तिघे त्याच्या जोडीला होते. १९९४ च्या मे महिन्यांत आलेल्या या अल्बमला बँडच्या नांवाखेरीज दुसरें नांव नव्हतें. वेष्टणाच्या निळ्या रंगावरून लोक त्याला 'ब्लू अल्बम' म्हणूं लागले. 'द कार्स' या बँडचा रिक ओकॅसेक त्याचा निर्माता होता. गिटारींचा भरदार आवाज, पण चाली मात्र सहज ओठांवर येणाऱ्या. काम नेटकें आणि घोटीव. वर्षभरांतच अमेरिकेंत त्याच्या दहा लाखांवर प्रती गेल्या. 'बडी हॉली' या गाण्याचें विनोदी चित्रण तर 'विंडोज ९५' या संगणकप्रणालीच्या तबकडीवरहि देण्यांत आलें होतें. असा हा आनंदी, खेळकर बँड आहे, अशी त्याची मूर्ति श्रोत्यांच्या मनांत ठसली.

परंतु त्या मूर्तीमागचा माणूस त्याच वेळीं बदलत होता. क्वोमोचा एक पाय जन्मतःच दुसऱ्यापेक्षां आंखूड होता. १९९५ सालीं त्यानें शस्त्रक्रिया करून घेतली. पायाभोंवतीं पोलादी चौकट बसविली होती, आणि हाड लांबविण्यासाठीं ती थोडथोडी ताणावी लागे; या उपचाराच्या वेदना कित्येक महिने चालल्या. त्याच वर्षाच्या शरदांत तो हार्वर्ड विद्यापीठांत विद्यार्थी म्हणून दाखल झाला. हजारो लोकांच्या टाळ्या ऐकलेला हा तरुण आतां काठी टेकीत एकटाच वर्गाला जाऊं लागला. अंतराळप्रवासाच्या कथेवर एक संगीतिका रचण्याचा त्याचा बेत होता. तो त्यानें सोडून दिला. या एकांतांत त्याचें मन पुच्चिनीच्या 'मादामा बटरफ्लाय' या ऑपेरांत गुंतलें. नागासाकी बंदरांत एका जपानी मुलीशीं लग्न करून तिला टाकून जाणारा अमेरिकन आरमारी अधिकारी पिंकर्टन हें त्यांतील पात्र. क्वोमोनें आपल्या दुसऱ्या अल्बमला नांव दिलें तें याच पात्राचें. नायिकेचें नव्हे, तर दोषी पुरुषाचें नांव घेतलें, यांतच त्या अल्बमची किल्ली आहे.

हार्वर्डच्या सुट्यांमध्यें बॉस्टन व लॉस एंजेलिस येथें या अल्बमचें ध्वनिमुद्रण झालें. या वेळीं बाहेरचा निर्माता नव्हता. बँडनें सर्व काम आपल्या हातीं ठेविलें. गाणीं दहाच, एकूण वेळ सुमारें पस्तीस मिनिटें. पहिल्या अल्बमचा घोटीवपणा मुद्दाम टाकून दिलेला. गिटारींचा आवाज खरखरीत, कंठ कित्येकदां फुटल्यासारखा. कीर्तीमुळें सुलभ झालेल्या शरीरसुखाचा वीट, एकटेपणा, नकाराचें भय, आपल्याच वासनेची लाज, हे त्याचे विषय. एका गाण्यामागें जपानमधील एका तरुण चाहतीनें लिहिलेलें पत्र आहे. शेवटचें गाणें मात्र साध्या गिटारीवर, जवळ जवळ कुजबुजल्यासारखें गाइलेलें आहे, आणि त्याचें नांव 'बटरफ्लाय' असें आहे. वेष्टणावर हिरोशिगे या जपानी चित्रकाराचें कांबारा गांवींच्या हिमवृष्टीच्या रात्रीचें चित्र छापलें आहे.

२४ सप्टेंबर १९९६ रोजीं 'पिंकर्टन' प्रसिद्ध झाला. अमेरिकेंतील खपाच्या यादींत तो एकोणिसाव्या स्थानापलीकडे चढला नाहीं. कांहीं टीकाकारांनीं त्याची स्तुति केली. पण 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या परीक्षकाला क्वोमोची गीतरचना पोरकट वाटली. श्रोत्यांनीं तर याहून कठोर निकाल दिला. वर्षअखेरीस त्याच मासिकानें वाचकांचीं मतें घेतलीं, तेव्हां १९९६ मधील सर्वांत वाईट अल्बमांत 'पिंकर्टन'ला तिसरें स्थान मिळालें. ज्यांना दुसरा 'ब्लू अल्बम' हवा होता, त्यांच्या हातीं एका दुःखी माणसाची उघडी दैनंदिनी पडली होती. त्यांनीं ती वाचून नापसंत केली असें म्हणण्यापेक्षां, आपण मागितलेली वस्तु ही नव्हे एवढेंच त्यांनीं कळविलें, असें म्हणणें अधिक खरें होईल.

या निकालाचा घाव क्वोमोच्या वर्मीं बसला. ज्या कृतींत त्यानें स्वतःला सर्वांत अधिक उघडें केलें, तीच हास्यास्पद ठरली होती. १९९८ सालीं मॅट शार्प बँड सोडून गेला. क्वोमो कांहीं काळ भिंती काळ्या रंगवून व खिडक्या झांकून घेऊन घरांत कोंडून राहिला. २००१ सालीं बँडचा तिसरा अल्बम आला, तो पुनः ओकॅसेकच्याच देखरेखीखालीं; त्यांतील गाणीं नीटस होतीं, पण कवीनें आपलें अंतरंग त्यांतून जाणूनबुजून काढून घेतलें होतें. त्याच वर्षीं एका मुलाखतींत त्यानें 'पिंकर्टन'ची कठोर निंदा केली आणि तो अल्बम म्हणजे चारचौघांत झालेली मानहानि आहे अशा अर्थाचे उद्गार काढले. श्रोत्यांचा कौल त्यानें स्वतःवर लावून घेतला होता.

आणि नेमक्या याच काळांत तो कौल फिरत होता! बँड गप्प असतांना 'पिंकर्टन' हातोहात, मित्राकडून मित्राकडे जात राहिला. पहिला अल्बम गाजला तेव्हां जे शाळकरी वयाचे होते, त्यांना दुसऱ्याकडून कसलीच ठराविक अपेक्षा नव्हती. त्यांनीं तो एकट्यानें, पुनः पुनः ऐकला. मनांतील दुखणें आडपडदा न ठेवतां गाणाऱ्या कित्येक नव्या बँडांनीं त्याला आपला आदर्श मानलें. २००० च्या उन्हाळ्यांत वीझर फिरत्या संगीतमहोत्सवांत पुनः रंगमंचावर आला, तेव्हां या नव्या श्रोत्यांनीं त्याचें मनापासून स्वागत केलें. २००२ सालीं 'रोलिंग स्टोन'नें आपल्या वाचकांना आजवरचे सर्वोत्तम अल्बम कोणते असें विचारलें. त्या यादींत 'पिंकर्टन' सोळावा आला. २००४ सालीं त्या मासिकानें त्याचें नव्यानें परीक्षण छापून पांच तारकांचा पूर्ण मान दिला.

येथें एक शंका उपस्थित होते. मत बदललें, कीं मत देणारे बदलले? दोन्ही गोष्टी घडल्या असाव्यात. निराश झालेले पुष्कळ श्रोते निघून गेले आणि ज्यांच्या अंतःकरणाला तो अल्बम भिडला ते मागें राहिले. त्यामुळें दुसरा कौल पहिल्याइतकाच एकांगी असूं शकेल, हा आक्षेप अगदींच निराधार नाहीं. शिवाय नंतरच्या कित्येक श्रोत्यांनीं असेंहि दाखवून दिलें आहे कीं, या गाण्यांतील स्त्रिया बहुधा कवीच्या कल्पनेच्या बाहुल्या आहेत. दूरच्या जपानी तरुणीविषयींची त्याची ओढहि निर्दोष नाहीं. हा दोष खरा आहे. पण पिंकर्टनचें नांव धारण करणाऱ्या कवीला आपण नायक नाहीं एवढें तरी कळलें होतें, हेंहि तितकेंच खरें. तथापि दोन निकालांत एक भेद राहतोच. पहिला निकाल अपेक्षेच्या मापानें दिलेला होता. दुसरा वर्षानुवर्षें ऐकून दिलेला होता.

योगायोग असा कीं, ज्या ऑपेरावरून हें नांव घेतलें, त्याच्याहि नशिबीं हेंच आलें होतें. १७ फेब्रुवारी १९०४ रोजीं मिलान येथील ला स्काला नाट्यगृहांत 'मादामा बटरफ्लाय'चा पहिला प्रयोग प्रेक्षकांनीं हुर्यो करून उधळला. पुच्चिनीनें ऑपेरा लगेच मागें घेतला, त्यांत फेरफार केले, आणि २८ मे रोजीं ब्रेशा गांवीं तो पुनः रंगभूमीवर आणून यश मिळविलें. लोकांचें ऐकून त्यानें कृति सुधारली, पण ती आपली नव्हे असें म्हटलें नाहीं. क्वोमोला तेवढा धीर राहिला नाहीं. छापून गेलेली ध्वनिमुद्रिका दुरुस्तहि करतां येत नाहीं. ती एक तर आपली म्हणावी लागते, नाहीं तर नाकारावी लागते.

अखेर त्यानेंहि ती आपली म्हटली. २००६ सालीं तो हार्वर्डचा पदवीधर झाला; २००८ पर्यंत 'पिंकर्टन' ही खोल, धीट व प्रामाणिक कृति आहे असें तो मोकळेपणानें सांगूं लागला. २०१० मध्यें बँडनें दौरा काढून पहिले दोन्ही अल्बम अथपासून इतिपर्यंत लोकांसमोर गाइले, आणि २०१६ सालीं अमेरिकेंत 'पिंकर्टन'च्या दहा लाख प्रती भरल्या. परंतु पहिल्या कौलानंतर लगेच, त्याच भरांत, जीं गाणीं त्यानें लिहिलीं असतीं, तीं मात्र कोणालाच मिळालीं नाहींत. मत देण्याचा हक्क श्रोत्याचा आहे आणि तो कोणी हिरावून घेऊं नये. पण नवी ध्वनिमुद्रिका लावतांना जुन्या ध्वनिमुद्रिकेची आठवण घटकाभर बाजूला ठेवणें, आणि एकदां नावडलें तें पुन्हा एकदां ऐकणें, एवढें तरी त्या हक्काबरोबर येणारें कर्तव्य समजावयास हरकत नाहीं.