उरलेल्या वॅटांचा इतिहास: मोटारसायकलच्या तापणाऱ्या मुठी

१ जानेवारी २०२१ च्या पहाटे दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेने १.१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद केली. या वेधशाळेपासून काही किलोमीटरवर, जेएनयू आणि आयआयटी यांच्या सान्निध्यात, मुनिरका हे जुने गाव आता दाट वस्ती होऊन उभे आहे. तेथील अरुंद गल्ल्यांतून हिवाळ्याच्या पहाटे आणि रात्री उशिरा मोटारसायकली बाहेर पडतात. कोणी प्रयोगशाळेकडे निघालेला असतो, कोणी पाठीवर जेवणाची पेटी घेऊन बाह्य वळणरस्त्याकडे. पुण्याची थंडी स्वेटरवर भागते. दिल्लीची थंडी दुचाकीस्वाराला प्रथम बोटांत गाठते.

वाऱ्यामुळे थंडी किती वाढते याचे पहिले पद्धतशीर मोजमाप अंटार्क्टिकात झाले. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल यांनी १९४१ च्या हिवाळ्यात पाण्याने भरलेली प्लास्टिकची लहान नळकांडी वाऱ्यात टांगली आणि ते पाणी गोठायला किती वेळ लागतो हे नोंदवले. त्यांचा निबंध १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. २००१ मध्ये अमेरिका व कॅनडा यांनी स्वीकारलेल्या सुधारित सूत्रात १.१ अंश तापमान आणि ताशी ६० किलोमीटर वारा या संख्या घातल्या, तर उत्तर सुमारे उणे ७ येते. हे सूत्र उघड्या चेहऱ्यासाठी आहे, आणि त्याच्या उत्तराविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. १.१ अंशाच्या हवेत कोणतीही वस्तू केवळ वाऱ्याने उणे ७ अंशांपर्यंत उतरत नाही. वारा उष्णता हिरावून नेण्याचा वेग वाढवतो, हवेचे तापमान मात्र तेच राहते. म्हणून दिल्लीत हिमदंश होत नाही. बोटे मात्र बधिर होतात, आणि धोका तिथेच आहे. त्वचेचे तापमान सुमारे १५ अंशांखाली गेले की बोटांची चपळाई घटू लागते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल अर्ध्या सेकंदात सुमारे ७ मीटर पुढे जाते. ब्रेकच्या दांडीवर बोट अर्धा सेकंद उशिरा आवळले गेले, तर धुक्यातून अवचित दिसलेल्या ट्रकपर्यंतचे तेवढे अंतर हातचे गेलेले असते.

शरीर याला स्वतःचे उत्तर देते. गारठलेल्या बोटांतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, काही मिनिटांनी उघडतात, पुन्हा मिटतात. हे हेलकावे टॉमस लुईस यांनी १९३० मध्ये वर्णिले. शरीराचा मध्यभाग उबदार असेल तर हे हेलकावे जोमदार असतात. तो गारठू लागला की शरीर हातांकडचा रक्तपुरवठा आखडता घेते. त्यामुळे छातीवरचे जाड जाकीट हाही हातांच्या उबेचाच एक भाग ठरतो.

मग मुठीतच उष्णता निर्माण करावी, हा विचार साधा आहे आणि त्याचे भौतिकशास्त्र फार जुने. तारेतून वीज वाहताना निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते, हे जेम्स जूल यांनी १८४० च्या सुमारास प्रयोगाने दाखवले. १९०६ मध्ये अल्बर्ट मार्श यांना निकेल व क्रोमियमच्या मिश्रधातूचे अमेरिकी पेटंट मिळाले. नायक्रोम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मिश्रधातूची रोधकता तांब्याच्या साठपटींहून अधिक असते आणि लाल होईपर्यंत तापवूनही तिची तार लवकर जळत नाही. विजेची शेगडी, इस्त्री, टोस्टर हे सारे तिच्यामुळे घराघरांत आले. म्हणजे मूठ तापवण्यास लागणारे सर्व ज्ञान आणि साहित्य शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध होते. तरीही कारखान्यातून तापणाऱ्या मुठी घेऊन येणारी मोटारसायकल दिसायला १९८० च्या दशकाचा आरंभ उजाडावा लागला. त्यात बीएमडब्ल्यू आघाडीवर होती. एवढा विलंब का, याचे उत्तर तापणाऱ्या तारेत सापडत नाही. ते वीज पुरवणाऱ्या जनित्रात सापडते.

विमानांत हाच प्रश्न आधी सुटला, कारण तिथे वीज होती आणि निकडही होती. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ बॉम्बफेकी विमानांच्या उघड्या खिडक्यांशी उभे असलेले तोफची सात-आठ हजार मीटर उंचीवर उणे ४० अंशांच्या आसपासच्या वाऱ्यात काम करीत. त्यांच्यासाठी विजेवर तापणारे पोशाख आणि हातमोजे तयार झाले. सुरुवातीच्या पोशाखांतील तारा एकसरीत जोडलेल्या होत्या, त्यामुळे एका हातमोज्यातील तार तुटली की सारा पोशाख थंड पडे. पुढील पोशाखांत समांतर जोडणी आली. शालेय पुस्तकातील एकसरी आणि समांतर जोडणीचा फरक तिथे माणसांच्या बोटांवर मोजला गेला.

भारतीय रस्त्यावर त्या काळी विजेचे दारिद्र्य होते. १९५५ मध्ये मद्रासमध्ये एनफिल्ड इंडिया कंपनी स्थापन झाली आणि लष्करासाठी बुलेट येऊ लागली. १९६० च्या दशकात दिल्लीलगतच्या फरिदाबादच्या एस्कॉर्ट्सने पोलंडच्या एसएचएल मोटारसायकलवरून राजदूत बनवली. या गाड्यांची विद्युत व्यवस्था ६ व्होल्टची होती. त्या पिढीतील अनेक ब्रिटिश मोटारसायकलींवर असणारा लुकासचा ई३एल डायनॅमो सुमारे ६० वॅट देत असे, आणि तोही इंजिन चांगले फिरत असताना. त्यातले तीसेक वॅट पुढचा दिवा घेई. उरलेल्यात मागचा दिवा, भोंगा आणि बॅटरीचे भरण. जुन्या गाड्यांचा दिवा चौकात थांबल्यावर मंदावे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या हिशेबाचा पुरावा नको.

तापणाऱ्या मुठींच्या जोडीला सर्वसाधारणपणे ३० ते ४० वॅट लागतात. सोयीसाठी ३६ वॅट धरू. १२ व्होल्टवर यासाठी ३ अँपिअर प्रवाह आणि ४ ओहम रोध पुरतो. तोच संच ६ व्होल्टच्या गाडीला जोडला तर प्रवाह निम्मा होतो, शक्ती एकचतुर्थांश, म्हणजे अवघे ९ वॅट. मूठ कोमट झाल्याचा भासही मुश्किलीने होईल. ६ व्होल्टवर ३६ वॅट हवेच असतील तर ६ अँपिअर खेचावे लागतात, आणि मग त्याच जाडीच्या तारेत वाया जाणारी उष्णता चौपट होते. ऊब मुठीत हवी असते, वायरिंगमध्ये नव्हे.

या साऱ्यात एक विसंगती आहे. पेट्रोल इंजिन इंधनातील ऊर्जेचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग उष्णतेच्या रूपाने हवेत फेकून देते. रस्त्यावर धावणारे यंत्र काही किलोवॅट उष्णता उधळत असते, आणि त्यापासून हातभर अंतरावरची बोटे ३६ वॅटांसाठी तडफडत असतात. सिलिंडर आणि सायलेन्सर मुठींपासून दूर, खाली आणि मागे; वारा उष्णतेला आणखी मागे नेतो. म्हणून ती उष्णता आधी गती, मग वीज, मग पुन्हा उष्णता अशी वळणे घेत हातापर्यंत आणावी लागते.

१२ व्होल्टची व्यवस्था आणि डायनॅमोऐवजी अल्टरनेटर हे दोन बदल निर्णायक ठरले. बीएमडब्ल्यूच्या १९६९ च्या आर७५/५ वर १८० वॅटचा अल्टरनेटर होता, तिच्या पुढच्या मालिकेत तो २८० वॅटचा झाला. शंभर वॅट शिल्लक राहू लागले तेव्हा मुठींचा विचार करणे परवडले. भारतात ही शिल्लक वेगळ्या वळणाने कमीजास्त होत गेली. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत पेटता राहणे सक्तीचे झाले, म्हणजे दिवसा वाचणारे वॅटही गेले. २०२० मध्ये बीएस-६ निकषांबरोबर इंधन-इंजेक्शन बहुतेक दुचाकींवर आले, आणि त्याचा पंप व नियंत्रक वीज मागू लागले. दुसरीकडे एलईडी दिव्यांनी बरीच वीज परत दिली. मुनिरकातून निघून करोल बागेत सामान घेऊन उन्हाळ्यात लडाखला जाणारा विद्यार्थी मुठी निवडताना खरे तर हा सगळा जमाखर्च तपासत असतो, मग त्याला तो ठाऊक असो वा नसो. लेह ते खारदुंगला ही चढण सुमारे १,८५० मीटरची आहे. हवा दर किलोमीटरला साडेसहा अंशांनी थंड होते असे धरले तर वर पोहोचेपर्यंत तापमान १२ अंशांनी खाली येते, आणि तीही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये.

बसवण्याच्या कामात भौतिकशास्त्र आणखी बारीक होते. क्लचच्या बाजूची मूठ थेट धातूच्या हँडलवर बसते, थ्रॉटलची मूठ प्लास्टिकच्या फिरत्या नळीवर. धातू उष्णता शोषून घेतो, प्लास्टिक अडवते; म्हणून सारखाच विद्युतघटक दोन्हीकडे लावला तर डावा हात थंड राहतो. चांगल्या संचांत दोन बाजूंचे घटक वेगळे असतात, अन्यथा डाव्या मुठीखाली उष्णतारोधक पट्टी गुंडाळावी लागते. उजव्या मुठीच्या तारेला पुरेशी ढील नसेल तर ती थ्रॉटल मागे फिरू देणार नाही, आणि हा दोष थंडीपेक्षा भयंकर. वीज बॅटरीवरून फ्यूज लावून आणावी, पण रिलेमार्फत चावीच्या ताब्यात ठेवावी. रात्रभर चालू राहिलेल्या मुठी सकाळी गाडी सुरू होऊ देत नाहीत. काही साध्या संचांत ‘कमी’ आणि ‘जास्त’ या दोन पायऱ्या म्हणजे केवळ एकसरी आणि समांतर जोडणी असते: ८ ओहमच्या दोन मुठी समांतर जोडल्या तर ३६ वॅट, एकसरीत ९. बी-१७ मधील जुना धडा इथे एका बटणात मावला आहे.

एवढे करूनही तापणारी मूठ तळहात शेकते आणि वारा बोटांच्या पाठीवर बसतो. मुनिरकाच्या रस्त्यावर जेवण पोहोचवणाऱ्या अनेकांच्या हँडलवर हिवाळ्यात रेक्झिनची, आतून लोकरी अस्तर लावलेली जाड कव्हरे दिसतात. हात त्यांत मनगटापर्यंत जातात. ती वारा अडवतात, हाताची स्वतःची उष्णता आत ठेवतात आणि जनित्राकडे एकही वॅट मागत नाहीत. वळणरस्त्यावरच्या कोंडीत इंजिन मंद फिरत असते आणि अल्टरनेटरही कमी देत असतो; तेव्हा विजेच्या मुठी बॅटरीतून उसने घेत असतात, कव्हरे तशीच उबदार असतात. गैरसोय एकच: दिव्याची आणि भोंग्याची बटणे आत चाचपडून शोधावी लागतात, म्हणून कव्हर बांधल्यावर ब्रेकची दांडी अडखळत नाही ना, हे गाडी उभी असतानाच चार वेळा दाबून पाहावे लागते.